आयुर्मानाचा घरगुती नियम: आठ महिने खेळल्यावर

दर रविवारी कॉलेज रोडला मित्राच्या घरी आमचं टेबल बसतं. खेळतो डंजन्स अँड ड्रॅगन्सची 2014 ची पाचवी आवृत्ती: खेळ मी चालवतो, बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात आणि फासे टाकत कथा पुढे नेतात. पण दोन रेस, म्हणजे पात्रांच्या जमाती, मी स्वतः बनवल्यात. काजवी 24 वर्षं जगतात, तिसऱ्या वर्षी वयात येतात. देवराईकर 600 वर्षं जगतात. म्हणजे काजवीच्या वाट्याला दोन सिंहस्थ, देवराईकराच्या वाट्याला पन्नास. नाशिककराला एवढं सांगितलं की पुरतं.

खेळाच्या मूळ नियमपुस्तकातल्या जमातींपैकी एल्फ 750 वर्षं जगतो, ड्वार्फ साधारण 350. पण वयामुळे शीटवर, म्हणजे पात्राचे गुण लिहिलेल्या कागदावर, काहीच बदलत नाही. मोहिमेत सहा-आठ महिने जातात, तेवढ्यात कोण म्हातारं होणार? आम्हाला अडवलं ते भुताने. त्याचं रूप बघून सेव्ह (बचावासाठी टाकलेला फासा) पाच किंवा जास्तने हुकला, तर डी-फोर (चार बाजूंचा फासा) गुणिले दहा वर्षांनी वय वाढतं. मामेबहिणीची काजवी सात वर्षांची. दोन पडले. सात आणि वीस, सत्तावीस! त्याच भुताने शेजारच्याचा एल्फ 120 चा 140 केला. त्याने आकडा खोडला आणि चहाचा कप उचलला. बहीण पेन्सिल धरून नुसती शीटकडे बघत राहिली. तो खेळ मी तिथेच थांबवला.

पुढच्या रविवारी नियम बदलला: वर्षं मोजायचीच नाहीत, आयुष्याचा हिस्सा मोजायचा. माणसाचं आयुष्य 80 धरलं तर दहा वर्षं म्हणजे आठवा हिस्सा. काजवीला तो तीन वर्षांचा पडतो, एल्फला नव्वदहून जास्त. त्याच दोनावर काजवी तेरा वर्षांची झाली. एल्फलाही आता भुताची भीती वाटते, आणि मला हेच हवं होतं.

म्हातारपणासाठी आधी याच खेळाच्या जुन्या 3.5 आवृत्तीचा तक्ता घेतला होता. त्यात माणूस 35, 53 आणि 70 ला एकेक टप्पा ओलांडतो. ताकद, चपळाई, दमखम मिळून एकूण सहा-सहाने उतरतात, बुद्धीकडचे तीन गुण तीन-तीनने चढतात. लगेच एकाने सत्तरीचा जादूगार आणला. जादूगाराला ताकदीचं काय पडलंय? फुकटचे तीन गुण. तक्ता काढून टाकला. आता प्रत्येक टप्प्याला एक कौशल्य मिळतं आणि एक शारीरिक गुण एकाने घटतो, बस्स.

माझी खरी चूक प्रशिक्षणात झाली. पुस्तकात नवं अवजार किंवा भाषा शिकायला 250 दिवस लागतात. काजवीचं आयुष्य छोटं म्हणून मी 125 केले. वर्षभराच्या विश्रांतीत ती दोन गोष्टी शिकली, बाकीचे एक. कथेत एकदम बारा वर्षांची उडी घेतली असती तर हिशेबच राहिला नसता. आता मोठ्या उडीत सगळ्यांना दोनच गोष्टी.

छोट्या मोहिमेला ही सगळी खटपट घेऊ नका, वय कुठेच आडवं येत नाही. आम्ही मात्र गेल्या महिन्यात एका सिंहस्थावरून पुढच्या सिंहस्थावर उडी मारली. तेरा आणि बारा, पंचवीस. काजवी गेलेली. बहिणीने तिची मुलगी आणली, आईपेक्षा एक लेव्हल खाली, आईचं एक कौशल्य घेऊन. पहिल्याच प्रसंगात देवराईकर खेळणाऱ्याने जुनी वही उघडली आणि तिला म्हणाला, "बस जरा. या पुलावर तुझ्या आईने काय केलं ते सांगतो." अर्धा तास कुणी डाइसला हात लावला नाही.