उभ्या गाडीचा खर्च: जुन्या गाडीसोबतचे सोळा महिने

आधी आकडे, कारण असे अनुभव वाचताना मी स्वतः तेच शोधतो. सोळा महिने, ७,४०० किलोमीटर, दोनदा टोचन करून आणावी लागली, एकदा चालत्या गाडीत पेट्रोलचा वास. गाडी १९७२ सालची. चार सिलिंडर, एक कार्ब्युरेटर (हवा आणि पेट्रोल मिसळणारा भाग), पॉइंटवालं डिस्ट्रिब्युटर (सिलिंडरांना ठिणगीची वीज वाटणारा भाग), चार गिअर, लिटरला दहा-अकरा किलोमीटर. कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. पन्नाशी उलटलेल्या गाडीत जे बिघडतं त्यात कारखान्यापेक्षा मधल्या मालकांचाच हात जास्त असतो, आणि माझ्या आधी किमान चार मालक झालेत.

घेताना मी ज्या गोष्टीवर भाळलो तीच पुढे महागात पडली. मीटरवर फक्त ३८,००० किलोमीटर, आणि शेवटची सहा वर्षं गाडी छपराखाली, कव्हर घालून ठेवलेली. म्हणजे न झिजलेली, असं मी धरून चाललो. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, पाच मिनिटं काहीच बोलले नाहीत, मग म्हणाले, "साहेब, ही चालून नाही, बसून खराब झालीय."

तेव्हा पटलं नव्हतं. पुढच्या दोन महिन्यांत एकेक करून पटत गेलं. पेट्रोल उडून गेलं की मागे वार्निशसारखा चिकट थर राहतो, त्याने कार्ब्युरेटरचे जेट, म्हणजे पेट्रोल येण्याची बारीक भोकं, बुजतात. ब्रेक फ्लुइड हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे ब्रेकच्या सिलिंडरला आतून गंज चढतो. रबरी सील वाळून चिरतात. टायरची नक्षी खोल होती, पण बाजूच्या चार आकडी शिक्क्यात पहिले दोन आकडे आठवड्याचे आणि पुढचे दोन सालाचे असतात हे कळल्यावर बघितलं, तर टायर बारा वर्षांचे निघाले. पाचही बदलले.

याच्या अगदी उलट उदाहरण अमेरिकेतल्या अर्व्ह गॉर्डन यांचं. १९६६ साली घेतलेली व्होल्व्हो पी१८०० त्यांनी २०१३ मध्ये तीस लाख मैलांच्या, म्हणजे सुमारे ४८ लाख किलोमीटरच्या पुढे नेली. तेलपाणी वेळच्या वेळी आणि गाडी सतत रस्त्यावर. माझी ३८,००० वाली त्या गाडीपुढे आजारीच म्हणायची.

ब्रेकची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण त्यात चूक सर्वस्वी माझी होती. मास्टर सिलिंडर, चाकांचे सिलिंडर, पत्र्याच्या नळ्या सगळं नवीन टाकलं आणि तीन रबरी होज (लवचिक नळ्या) तेवढे वाचवले. बाहेरून ठणठणीत दिसत होते. तीन महिन्यांनी गाडी डावीकडे ओढायला लागली. घरी येऊन चाकाला हात लावला तर चटका बसला. होज आतून फुगला होता. पेडल दाबलं की फ्लुइड जोरात पुढे जायचं, सोडलं की परत यायचं नाही, त्यामुळे ब्रेक लागलेलाच राहायचा. सगळ्या कामातली सर्वांत स्वस्त वस्तू मी वाचवली आणि तिच्यापायी नवे ब्रेक पॅड आणि चाकाचं बेअरिंग घालवलं.

पेट्रोलचा प्रश्न असा, की या गाड्या ज्या पेट्रोलसाठी बनल्या ते आता मिळतच नाही. आजच्या पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. जुन्या रबराला ते सोसत नाही. नळ्या मऊ पडतात, पेट्रोल पंपाचा पडदा फाटतो. तो वास आला तो अशाच एका नळीतून, एक्झॉस्टपासून हातभर अंतरावर. दुसऱ्या दिवशी टाकीपासून कार्ब्युरेटरपर्यंतची प्रत्येक नळी इथेनॉल सोसणारी घातली. हे काम गाडी घेतली त्याच दिवशी करायला हवं होतं. शिवाय शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला जळायला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते, इथेनॉलला सुमारे ९. नव्या गाडीतला सेन्सर हे ओळखून इंधन वाढवतो. कार्ब्युरेटरला यातलं काही कळत नाही, त्यामुळे मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी पडतं, आणि इंजिन तापतं. मी मुख्य जेट एका नंबरने मोठा केला. चढावर ॲक्सिलरेटर दाबल्यावर गाडी अडखळायची ती थांबली.

दुसरी उणीव शिशाची. जुन्या इंजिनांत पेट्रोलमधलं शिसं व्हॉल्व्हच्या सीटला, म्हणजे बंद होताना व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्याला, जणू गादीचं काम करायचं. जगात शिसंयुक्त पेट्रोलची विक्री सर्वांत शेवटी अल्जीरियाने बंद केली, २०२१ मध्ये. शिसं गेल्यावर मऊ बिडाच्या सीटवर एक्झॉस्ट व्हॉल्व्ह आपटून आपटून हळूहळू आत रुतत जातो. कायमचा उपाय म्हणजे हेड (इंजिनचा वरचा, व्हॉल्व्ह असलेला भाग) उतरवून कडक धातूच्या सीट बसवणं. मी अजून ते केलेलं नाही. दर २,००० किलोमीटरला टॅपेट (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या यंत्रणेत ठेवलेली बारीक फट) मोजतो आणि वहीत लिहून ठेवतो. व्हॉल्व्ह रुतत असेल तर टॅपेटची फट दरवेळी कमी भरते.

इग्निशनबद्दल मतभेद असतील, पण मी पॉइंटच (ठिणगीसाठी वीज जोडणारी-तोडणारी जुन्या पद्धतीची टोकं) ठेवलेत. फट ०.४ मिलिमीटर, दर काही महिन्यांनी पंधरा मिनिटांचं काम. पॉइंट बिघडताना आधी कुरकुरतात, आणि त्या कुरकुरीवर घर गाठता येतं. इलेक्ट्रॉनिक किट गेलं की गेलं. पॉइंटसोबतच्या कंडेन्सरचं मात्र सांगतो, चकचकीत नवा आणला तो ३०० किलोमीटरांत मेला (पहिलं टोचन). मग जुन्या साठ्यातला, डबी पिवळी पडलेला एक मिळाला, तो आजही चालतोय. वायरिंगबद्दल एकच वाक्य: अर्थिंगच्या सगळ्या जागा घासून स्वच्छ केल्या आणि निम्म्या तक्रारी मिटल्या.

आता पत्रा. एकूण खर्चाचे शंभर भाग केले तर माझ्या वहीप्रमाणे पंचेचाळीस पत्र्यात गेले, वीस ब्रेक-टायरमध्ये, पंधरा इंजिन आणि इंधनाच्या कामात, उरलेल्यात विमा, तेल, पेट्रोल आणि किरकोळ. दाराखालच्या पट्टीवर रंगाला नखाएवढा फोड होता. पेचकसाने टोचलं तर पेचकस मुठीपर्यंत आत गेला. आत कुणीतरी पुट्टी थापून वर छान रंग मारला होता. इंजिन उघडून दुरुस्त करणारे सापडतात, पण कुजलेला पत्रा कापून नवा जोडणं हे तासांचं काम, आणि मजुरी तासांचीच. त्यामुळे कुणी विचारलं तर मी सांगतो, खराब इंजिनाची पण कोरड्या पत्र्याची गाडी घ्या. उलट सौदा कितीही गोड वाटला तरी सोडा.

आणि मॉडेल असं निवडा ज्याचे भाग आजही बनतात. फोक्सवॅगन बीटल २००३ पर्यंत बनत होती, एकूण २.१५ कोटींहून जास्त. तिचं जवळपास सगळं मिळतं. एमजीबी या जुन्या ब्रिटिश स्पोर्ट्स कारची तर अख्खी बॉडी नवीन घेता येते. माझ्या गाडीचं तसं नाही. वॉटर पंप गळायला लागला तेव्हा (दुसरं टोचन) नवा कुठेच मिळेना. शेवटी मिस्त्रींनी लेथवर जुन्याच पंपात नवं बेअरिंग आणि सील बसवून घेतलं. त्यात अकरा आठवडे गेले. तेवढ्या काळात क्लच प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटली! क्लच दाबूनही गिअर पडेना. शेवटी गाडी गिअरमध्ये ठेवूनच सेल मारला, क्लच दाबून धरला आणि मोकळ्या जागेत हिसके देत फिरवली, तेव्हा कुठे सुटली. मिस्त्री नुसते हसले.

चालवायला कशी आहे? पहिली पाच मिनिटं चोकशी वाटाघाटी, मग मस्त. खांब बारीक असल्यामुळे सगळीकडचं दिसतं, स्टिअरिंगमधून रस्ता हाताला कळतो. पण पुढचा नवी गाडी जिथे थांबवतो तिथे ही थांबत नाही, त्यामुळे मी दुप्पट अंतर ठेवतो आणि त्या रिकाम्या जागेत दरवेळी कुणीतरी घुसतो. रात्रीचा लांबचा प्रवास टाळतो.

सध्याचा नेम असा: दर दहा दिवसांनी किमान पंचवीस किलोमीटर. नुसतं जागेवर इंजिन सुरू करून बंद करणं न केल्याहून वाईट, कारण तेलात आणि सायलेन्सरमध्ये साठलेलं पाणी उडून जायला इंजिन नीट तापावं लागतं. ब्रेक फ्लुइड दर दोन वर्षांनी. वही गाडीतच.

गेल्या रविवारी टॅपेट मोजले. तीन सिलिंडर होते तसेच. चौथ्याचा एक्झॉस्ट मागच्या वेळेपेक्षा ०.०५ मिलिमीटरने कमी भरला. थंड इंजिनावर दोनदा मोजला, तेवढाच. पुढच्या २,००० किलोमीटरला पुन्हा कमी भरला तर हेड उतरवायचं, असं मिस्त्रींशी बोलून ठेवलंय. व्हॉल्व्ह सीटचा सेट मात्र आत्ताच मागवलाय, नाहीतर पुन्हा अकरा आठवडे.