७००० ल्युमेनचा लेझर प्रोजेक्टर कार्यक्रमांसाठी कसा वाटला

आधीच सांगतो, कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाहीये. या वर्गातले म्हणजे ७००० ल्युमेन (ल्युमेन म्हणजे मशीनमधून निघणारा एकूण प्रकाश), थ्री एलसीडी (तीन रंगांना तीन पॅनल), लेझर, डब्ल्यूयूएक्सजीए (१९२० बाय १२०० पिक्सेल) आणि लेन्स बदलता येणारे प्रोजेक्टर चारपाच कंपन्यांचे मिळतात आणि कामाच्या दृष्टीने ते एकमेकांच्या इतके जवळ आहेत की नावापेक्षा वर्ग समजून घेतलेला बरा. मी हा कॉन्फरन्स, बक्षीस समारंभ, नाटकाच्या मागचं बॅकड्रॉप, एखादा सिनेमाचा शो अशा सगळ्या कामांना लावलाय. मशीन चांगलंय. पण "७००० आहे ना, मग झालं" असं समजून कोणी घेणार असेल तर त्याने थोडं थांबून हे वाचावं.

ल्युमेनचा आकडा एकटा काहीच सांगत नाही, तो प्रकाश किती मोठ्या पडद्यावर पसरतोय आणि त्याच पडद्यावर दुसरा किती उजेड पडतोय यावर सगळं ठरतं. साधा हिशोब बघा. पडदा ४ मीटर रुंद, १६:९ मापाचा, म्हणजे उंची सव्वादोन मीटर आणि क्षेत्रफळ ९ चौरस मीटर. मशीनचं पॅनल १९२० बाय १२००, त्यात १६:९ चा व्हिडिओ चालवला की वरखालच्या पट्ट्या वाया जातात, १० टक्के प्रकाश तिथेच गेला, उरले ६३०० ल्युमेन. भागिले ९, म्हणजे पडद्यावर ७०० लक्स (लक्स म्हणजे दर चौरस मीटरवर पडणारे ल्युमेन). ऐकायला भारी वाटतं. आता स्टेजवर वक्त्याच्या तोंडावर लाइटवाल्याने जो फ्रंट लाइट मारलाय त्यातला १०० लक्स जरी सांडून पडद्यावर गेला तरी तुमचं काळं म्हणजे १०० लक्सचा राखाडी, आणि पांढरं ८००. कॉन्ट्रास्ट फक्त ८:१. बॉक्सवर छापलेला लाखांतला कॉन्ट्रास्ट कुठे गेला कोण जाणे! तो आकडा काळ्याकुट्ट फ्रेमला लेझरच मंद करून मोजलेला असतो, हॉलमध्ये त्याचा काही उपयोग नाही.

ऑडिओ व्हिज्युअल क्षेत्रात यासाठी इन्फोकॉम या व्यावसायिक संघटनेने (आता तिचं नाव एव्हिक्सा) २०११ मध्ये एक स्टँडर्ड काढलं. नुसतं बघायचं असेल तर ७:१, वाचून काही ठरवायचं असेल तर १५:१, बारीक तपशील तपासायचा असेल तर ५०:१ आणि सिनेमासारखा व्हिडिओ असेल तर ८०:१. आता तोच सांडलेला उजेड १०० वरून ५० लक्सवर आणा, लगेच १५:१ मिळतं. १० वर आणलात तर ७१:१, म्हणजे जवळजवळ सिनेमाला चालेल. आणि उजेड तसाच ठेवून प्रोजेक्टरच्या जोरावर १५:१ गाठायचं म्हटलं तर दुप्पट ल्युमेनचं मशीन लागेल, ते वजनाला, विजेला आणि खिशाला सगळीकडे जड. म्हणून माझा पहिला सल्ला प्रोजेक्टरबद्दल नाहीच आहे, लाइटवाल्याशी बोला. फ्रंट लाइट जरा बाजूने आणि वरून घ्या, बार्नडोअर (दिव्यासमोरच्या झडपा) लावून पडद्याकडची कड कापा, पडदा स्टेजच्या मागे थोडा सरकवा. एवढं केलं की हेच ७००० वालं मशीन दीडपट वाटायला लागतं.

रंगांच्या बाबतीत मात्र मशीनला पूर्ण मार्क. एकाच चिपचे डीएलपी (बारीक आरशांच्या चिपवर चालणारे प्रोजेक्टर) असतात त्यांच्यात रंगीत चक्र फिरत असतं आणि उजेड वाढवायला कंपन्या त्या चक्रात पांढरा भाग घालतात. त्यामुळे कागदावर ७००० दिसतात ते पांढऱ्या पडद्याचे, लाल पिवळा हिरवा दाखवायला गेलं की काही मॉडेल निम्म्याच्याही खाली जातात. मग स्पॉन्सरचा लाल लोगो विटकरी दिसतो आणि बोलणी आपण खातो. थ्री एलसीडीत तिन्ही रंगांची वेगवेगळी पॅनल एकाच वेळी चालतात, पांढरा जितका तितकाच रंगीत उजेड. शिवाय कार्यक्रमाचं शूटिंग चालू असेल तर रंगीत चक्रामुळे कॅमेऱ्यात पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात, कॅमेरावाला शटर बदलत बसतो, ती कटकट इथे बरीच कमी. डीएलपी वाईट असं म्हणत नाहीये हां, तीन चिपचे मोठे डीएलपी तर याच्या खूप वरचे आहेत, आणि एलसीडीत काळा तितका खोल येत नाही हेही खरं. अंधाऱ्या हॉलमध्ये सिनेमा लावला की काळ्या सीनला पडदा जरा धुरकट वाटतो.

आता लेन्स. लोक मशीनला महिनाभर बघतात आणि लेन्स सोबत येईल ती घेतात, हे उलटं व्हायला पाहिजे. थ्रो रेशो म्हणजे अंतर भागिले पडद्याची रुंदी. १.५ ची लेन्स असेल आणि पडदा ४ मीटर असेल तर मशीन ६ मीटरवर ठेवावं लागणार, म्हणजे बरोबर प्रेक्षकांच्या मधोमध, टेबलावर, वायरी टेप लावून, आणि शेजारी बसलेला माणूस अख्खा कार्यक्रम पंख्याचा आवाज ऐकणार. या वर्गातली मशीनं पूर्ण उजेडावर साधारण ३५ ते ४० डेसिबल आवाज करतात, भाषणात चालून जातं, शांत नाटकात नाही. हॉलच्या मागच्या भिंतीजवळून, म्हणजे पडद्यापासून २० मीटरवरून मारायचं तर ५ ची लाँग थ्रो लेन्स लागेल, आणि पडद्यामागून ३ मीटरमध्ये करायचं तर ०.७५ ची शॉर्ट थ्रो. माझ्या मते कार्यक्रमवाल्याकडे स्टँडर्ड आणि शॉर्ट अशा दोन तरी हव्यात, कारण मागून प्रोजेक्शन केलं की वक्ता कितीही फिरला तरी सावली पडत नाही. लेन्स एका कंपनीची दुसरीला बसत नाही, म्हणून मशीन ठरवायच्या आधी त्या कंपनीच्या लेन्सची यादी बघा आणि भाड्याने सहज मिळतात का तेही विचारा. अजून एक, झूम लांबच्या टोकाला ओढला की उजेड चांगलाच कमी होतो, हे ब्रोशरमध्ये शोधून शोधून सापडतं.

लेन्स शिफ्ट, म्हणजे मशीन न हलवता लेन्स सरकवून चित्र वरखाली किंवा आडवं हलवणं, हे मला या मशीनचं सगळ्यात आवडलेलं फीचर. उभा शिफ्ट ५० टक्के मिळाला की लेन्स चित्राच्या खालच्या किंवा वरच्या कडेच्या रेषेत ठेवता येते आणि चित्र तरीही सरळ चौकोनी राहतं. ट्रसवर (लाइट टांगायच्या धातूच्या चौकटीवर) टांगायचं असेल तर याच्याशिवाय पर्याय नाही. फक्त उभा आणि आडवा दोन्ही शिफ्ट एकाच वेळी शेवटपर्यंत जात नाहीत, ते मॅन्युअलमधल्या आकृतीत बघून घ्या. कीस्टोनचं (तिरकं पडलेलं चित्र चौकोनी करायचं) बटण दिसलं की दाबायची सवय असेल तर सोडा, त्यात चित्र पॅनलच्या आतच तिरकं कापलं जातं, पिक्सेल वाया, उजेड वाया, एक्सेलमधले बारीक आकडे लिबलिबीत, आणि चित्राबाहेर राखाडी त्रिकोण दिसतो तो वेगळाच.

लेझरबद्दल सगळे २०,००० तास २०,००० तास करतात. तो आकडा उजेड निम्मा होईपर्यंतचा आहे. वर्षाला १०० कार्यक्रम, प्रत्येकी ८ तास धरले तर २५ वर्षं होतात, तेवढ्यात पंखा नाहीतर पॉवर सप्लाय आधी जाईल. कार्यक्रमवाल्यासाठी लेझरचा खरा फायदा वेगळाय. बटण दाबलं की काही सेकंदात चित्र, बंद केल्यावर थंड व्हायची वाट बघायची नाही, लगेच केसमध्ये. मधेच वीज गेली तर दिव्याच्या प्रोजेक्टरला गरम दिवा परत पेटेपर्यंत सगळं सभागृह तुमच्याकडे बघत बसतं, ते इथे नाही. आणि दिवा फुटला की अंधार, पण लेझरमध्ये डायोड बरेच असतात, एखादा गेला तर उजेड थोडा कमी होतो, कार्यक्रम थांबत नाही. मशीन आडवं उभं कसंही ठेवता येतं हेही सोयीचं.

जोडणीत एचडीएमआय, एचडीबेसटी आणि एसडीआय (व्यावसायिक कॅमेऱ्यांची व्हिडिओ जोडणी) आहे का बघा, या वर्गातही एसडीआय सगळ्यांना नसतं. साधी एचडीएमआय वायर १०-१५ मीटरच्या पुढे भरवशाची नाही, चित्र येतं जातं आणि नेमकं उद्घाटनाला जातं. एचडीबेसटीने एका नेटवर्क केबलवर १०० मीटरपर्यंत नेता येतं, मी तर आता तेच वापरतो.

तक्रारी म्हणाल तर एअर फिल्टर. धुळीच्या मैदानावर लावलं की फिल्टर पटकन भरतो, मशीन तापतं आणि स्वतःच उजेड कमी करतं. फिल्टर बाजूने निघतो म्हणून बरंय, काही मॉडेलमध्ये खालून निघतो, म्हणजे टांगलेलं मशीन उतरवा. दुसरं म्हणजे सिग्नल गेला की कंपनीने दिलेली निळी स्क्रीन येते, मेन्यूत जाऊन ती पहिल्याच दिवशी काळी करून टाका. वाहतुकीत लेन्स मधोमध आणून काढून वेगळ्या केसमध्ये ठेवा, शिफ्ट एका बाजूला असताना धक्का बसला की मेकॅनिझम बिघडतं आणि ती दुरुस्ती वेळखाऊ आहे.

कोणी घेऊ नये? उघड्यावर, दिवसाउजेडी कार्यक्रम करणाऱ्यांनी. ऊन पडलेल्या पडद्यावर हजारो लक्स असतात, तिथे ७००० काय आणि ३०,००० काय, एलईडी वॉलच लावा. पडदा ६-७ मीटरच्या वर जाणार असेल आणि हॉलमध्ये पूर्ण अंधार होणार नसेल तरी हे अपुरं पडेल. बाकी मध्यम हॉल, ४-५ मीटरचा पडदा, लाइट आपल्या हातात, अशा ठिकाणी बिनधास्त घ्या. डेमोला जाताना दुकानातली चकचकीत व्हिडिओ क्लिप बघत बसू नका, आपल्या लॅपटॉपवर अख्खी लाल स्लाइड, अख्खी पिवळी स्लाइड आणि १२ पॉइंटचा मजकूर असं तिन्ही न्या, आणि डेमो रूमचे दिवे चालू ठेवायला सांगा.