धुण्याचा फिल्टर की बदलण्याचा? फर्नेस असलेल्या घरासाठी तुलना

अमेरिकेत किंवा कॅनडात घर घेतलेल्या मराठी कुटुंबाची फर्नेसशी खरी ओळख पहिल्या हिवाळ्यात होते. घरातली हवा ओढून घ्यायची, तापवायची आणि डक्टमधून, म्हणजे भिंती-छतातल्या हवेच्या नळ्यांमधून, पुन्हा खोल्यांत सोडायची, हे त्याचे काम. आणि फिल्टर बसतो तो हवा आत येण्याच्या वाटेवर, ब्लोअरच्या, म्हणजे हवा ओढणाऱ्या पंख्याच्या, अलीकडे. हा फिल्टर दर काही महिन्यांनी फेकून नवा आणावा, की एकदाच महागाचा घेऊन वर्षानुवर्षे धुऊन वापरावा? दुसरा पर्याय आपल्या काटकसरी मनाला लगेच पटतो. मलाही पटला होता, आणि दोन हिवाळे मी तो वापरला.

फिल्टरची गाळण्याची ताकद मर्व्ह या मापाने सांगतात. घरगुती खरेदीत 1 ते 13 हे आकडे महत्त्वाचे. मर्व्ह 8 चा फिल्टर 3 ते 10 मायक्रॉनचे (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) किमान 70 टक्के कण अडवतो; मर्व्ह 13 चा फिल्टर त्याहून कितीतरी बारीक, म्हणजे 0.3 ते 1 मायक्रॉनचे, किमान निम्मे कण अडवतो. धुण्याचे बहुतेक फिल्टर 8 च्या पुढे जात नाहीत, आणि कित्येकांच्या खोक्यावर मर्व्हचा आकडाच छापलेला नसतो. त्यांत ॲल्युमिनियमच्या चौकटीत प्लॅस्टिकच्या विणलेल्या जाळ्यांचे थर असतात. हवा घासून जाताना त्यांच्यावर स्थिर विद्युतभार तयार होतो आणि धूळ चिकटते. केस, कपड्यांचे तंतू, फुलांचे मोठे परागकण यांच्यासाठी हे पुरेसे आहे. आपल्या घरात मात्र फोडणीचा धूर असतो, सणावारी धूप-उदबत्ती असते, आणि या धुरातले बहुतेक कण एका मायक्रॉनहून लहान असतात. ते जाळीतून बिनदिक्कत पार होतात. जून 2023 मध्ये कॅनडातल्या वणव्यांचा धूर न्यूयॉर्कवर उतरून आकाश नारिंगी झाले, तेव्हा मर्व्ह 13 चा फिल्टर लावावा असा सल्ला दिला जात होता तो याच कारणासाठी. घरात कोणाला दमा असेल, तर माझ्या मते तुलना इथेच संपते.

अर्थात जास्त आकडा म्हणजे सरसकट चांगला फिल्टर, असेही नाही. एक इंच जाडीच्या खाचेत दाट विणीचा फिल्टर कोंबला आणि तो वेळेवर बदलला नाही, तर ब्लोअरला हवा ओढताना धाप लागते. हिवाळ्यात फर्नेस आतून जास्त तापून आपोआप बंद पडतो आणि उन्हाळ्यात त्याच यंत्रणेतल्या एसीच्या कॉइलवर बर्फ धरतो. चार इंच जाडीच्या फिल्टरला चुण्या खोल असल्यामुळे कागदाचे क्षेत्रफळ बरेच जास्त मिळते, म्हणून तो बारीक गाळूनही हवा अडवत नाही आणि सहा महिने ते वर्षभर चालतो. तेवढी जागा असेल तर धुण्याच्या फिल्टरचा विचारही करू नये.

आता धुण्याविषयी, कारण जाहिरातीत ते एका ओळीत उरकलेले असते. फिल्टर साधारण महिन्याला एकदा धुवावा लागतो. उन्हाळ्यात अंगणात पाइप लावून, हवेच्या उलट दिशेने पाणी मारले की काम पाच मिनिटांचे. पण जानेवारीत बाहेरचा नळ बंद केलेला असतो आणि सगळा कारभार बाथटबमध्ये करावा लागतो. पहिल्या पाण्याबरोबर नमद्यासारखा करडा थर सुटून येतो, आणि त्यानंतर लक्षात येते की आतली जाळी तळणीच्या तेलाने अजून चिकट आहे. मग भांड्यांचा साबण, पुन्हा पाणी, पुन्हा झटकणे. फिल्टर ओला असताना बसवला तर बुरशी धरते, म्हणून तो पूर्ण वाळेपर्यंत थांबावे लागते; बाहेर उणे दहा तापमान असताना तेवढा वेळ फर्नेस बंद ठेवणे शक्य नसते, आणि फिल्टरविना चालवणे मूर्खपणाचे. उपाय एकच, दोन फिल्टर आलटून पालटून वापरायचे.

आणि दोन फिल्टर म्हटले की हिशोब बदलतो. मर्व्ह 8 चा एक इंची चुणीदार फिल्टर आठ डॉलरला धरला आणि तीन महिन्यांनी एक बदलला, तर वर्षाचा खर्च 32 डॉलर. धुण्याचा एक 50 डॉलरला धरला, तर जोडीचे 100, म्हणजे तीन वर्षांहून जास्त काळ न चुकता धुतल्यावर बचत सुरू होते. कचरा कमी होतो हे मात्र खरे, आणि ज्यांना ते मोलाचे वाटते त्यांनी हे कष्ट जरूर घ्यावेत. भाड्याच्या घरात तर हा सौदा मुळीच करू नये, कारण पुढच्या घरातली खाच त्याच मापाची असेल याची खात्री नसते.

आधीच्या मालकाने धुण्याचा फिल्टर मागे ठेवला असेल, तर तो काढून खिडकीच्या उजेडासमोर धरावा. धुऊन वाळवल्यावरही जाळी काळपट दिसली, किंवा चौकट वाकून खाचेत फट राहत असली, तर त्याचा मोह सोडावा. नवा आणताना जुन्याच्या कडेवर छापलेले माप लिहून न्यावे, आणि बसवताना चौकटीवरचा बाण फर्नेसच्या दिशेने आहे ना, हे पाहावे.