मेट्रोने मंडई, तिथून चालत केळकर म्युझियम: काही महिने वापरून बघितल्यावर

दिवाळीनंतर मेट्रोचं कार्ड काढलं ते ऑफिसला जायला म्हणून, पण ऑफिसपेक्षा सुट्टीच्या दिवशीच जास्त वापरलं जातंय. ठरलेला कार्यक्रम असा की शनिवारी सकाळचं आवरायचं, स्कूटर पार्किंगमध्येच राहू द्यायची, वनाजहून मेट्रोत बसायचं, मंडईला उतरायचं, केळकर म्युझियममधलं एखाददुसरं दालन बघायचं, काहीतरी चांगलंचुंगलं खायचं आणि चार-साडेचारपर्यंत घरी. हा रिव्ह्यू या सगळ्या दिवसाचा आहे, नुसत्या मेट्रोचा नाही. घरी आधी चेष्टा झालीच, पुण्यात जन्म काढला आणि आता पुणं बघायला निघालीस का म्हणून. आता तेच लोक विचारतात, या शनिवारी जाणारेस का, आम्ही पण येतो.

मेट्रोबद्दल आधी. ६ मार्च २०२२ ला वनाज ते गरवारे सुरू झाली तेव्हा आख्खं कोथरूड हौसेने बसून आलं, आम्हीपण गेलो, फोटो काढले आणि परत आलो, कारण गरवारेला उतरून पुढे करायचं काय हा प्रश्नच होता. पेठांसाठी तिचा खरा उपयोग सुरू झाला २९ सप्टेंबर २०२४ नंतर, म्हणजे जिल्हा न्यायालय ते स्वारगेट हा जमिनीखालचा टप्पा चालू झाल्यावर. कसबा पेठ, मंडई, स्वारगेट. कोथरूडच्या माणसाने मंडईत गाडी घेऊन जाणं म्हणजे काय असतं ते ज्यांनी मिसाळ पार्किंगच्या रांगेत उभं राहून बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. गाडी लावायला जेवढा वेळ जातो तेवढ्यात मेट्रोने माणूस वनाजहून नदीपर्यंत येतो.

नळस्टॉपला खाली रस्ता, मध्ये फ्लायओव्हर आणि सगळ्यात वर आपण, हे पोरांना फार आवडतं. मला आवडतो तो डेक्कनच्या पुढचा भाग, गाडी मुठेच्या कडेकडेने जाते तो. आयुष्यभर लकडी पुलावरून स्कार्फ बांधून, पुढच्या पीएमटीचा धूर खात गेलेलो आपण, नदीकडे मान वळवून बघितलंय कोणी? वरून पेठांची मागची बाजू दिसते, ओंकारेश्वराकडचा काठ दिसतो आणि पावसाळ्यात खडकवासल्यातून पाणी सोडलं की भिडे पूल पाण्याखाली गेलेला दिसतो, जो आपण एरवी फक्त बातम्यांत बघतो. त्या दिवशी डब्यातले सगळे एका बाजूला जमा झाले होते, मोबाईल वर करून. डेक्कन आणि संभाजी उद्यान ही स्टेशनं मावळ्याच्या पगडीच्या आकाराची केलीत, पण आत बसलेल्याला ती पगडी दिसत नाही, त्यासाठी खाली उतरून लांबून बघावं लागतं. (मला विचाराल तर एकच केली असती तरी चाललं असतं.)

जिल्हा न्यायालयाला गाडी बदलावी लागते आणि इथे वेळ जातो हे धरून चाला. वनाज-रामवाडी लाईन वर उंचावर, स्वारगेटची लाईन जमिनीखाली ३३ मीटर, त्यामुळे एक सरकता जिना उतरलात की दुसरा, मग अजून एक, आणि आईसारखं कोणी बरोबर असेल तर लिफ्ट शोधत जायचं. आईचे गुडघे म्हणजे आमच्याकडची मोजपट्टी, ती कुरकुर न करता येते म्हणजे रस्ता बरा. तिला लिफ्टने काही त्रास होत नाही, फक्त लिफ्ट ते लिफ्ट चालणं बरंच आहे.

मंडई स्टेशनातून वर आलं की समोर फुले मंडईची ती दगडी इमारत. भाजी घ्यायला शंभरदा गेलो असू पण मान वर करून तो मनोरा आणि आठ बाजूंना गेलेले आठ हात कधी नीट बघितले नव्हते, कारण लक्ष कायम पायाखालच्या कोथिंबिरीच्या काड्यांवर आणि हातातल्या पिशवीवर. ही बांधली १८८० च्या दशकात, मुंबईचे गव्हर्नर लॉर्ड रे यांच्या नावाने, रे मार्केट. गंमत बघा, जोतिराव फुले तेव्हा पुणे नगरपालिकेचे सभासद होते आणि मंडईवर एवढा पैसा घालण्यापेक्षा तो शिक्षणावर लावा म्हणून त्यांनी या खर्चाला विरोध केला होता. पुढे आचार्य अत्र्यांच्या पुढाकाराने त्याच इमारतीला त्यांचं नाव लागलं. भाजीवाल्या मावशींना हे सांगितलं तर त्या म्हणाल्या, "असंल बाई, पन विरोध कराया पायजे व्हता त्यो गाळ्याच्या भाड्याला."

मंडईतून शनिपाराकडे आणि मग बाजीराव रोडने खाली, चालत दहाएक मिनिटं. फुटपाथवर गाड्या लावलेल्या असतात त्यामुळे अर्ध्याहून जास्त रस्ता तुम्ही रस्त्यावरूनच चालता, हा या दिवसातला सगळ्यात वाईट भाग, एक स्टार मी इथेच कापते. ऊन असेल तर अकराच्या आत पोचा.

आता म्युझियम. शाळेच्या ट्रिपमध्ये प्रत्येक पुणेकराने ते एकदा बघितलेलं असतं, रांगेत, बाईंच्या ओरडण्यात, चाळीस मिनिटांत तीन मजले. त्यानंतर थेट बाहेरगावचे पाहुणे आले की. दोन्ही वेळेला आपण ते उरकतो. माझं म्हणणं एवढंच आहे की हे उरकायचं म्युझियम नाहीच, लायब्ररीत जातो तसं जायचं, एक कपाट बघायचं आणि घरी यायचं. संग्रह वीस हजारांच्या वर वस्तूंचा, त्यातल्या अडीच हजारांच्या आसपासच मांडलेल्या आहेत कारण जागा तेवढीच. पण अडीच हजारसुद्धा एका दिवसात डोळ्यांत मावत नाहीत, तासाभराने सगळी भांडी सारखीच दिसायला लागतात.

हे सगळं एका माणसाने जमवलंय हे दर वेळी नव्याने पटवून घ्यावं लागतं. दिनकर गंगाधर केळकर, जन्म १८९६, 'अज्ञातवासी' नावाने कविता करायचे. १९२० च्या सुमारास जुन्या वस्तूंचा नाद लागला तो १९९० ला जाईपर्यंत सुटला नाही. मुलगा राजा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने हा संग्रह, म्हणून राजा दिनकर केळकर संग्रहालय. मी इतकी वर्षं राजा ही पदवी समजत होते असं सांगणाऱ्या दोन मैत्रिणी मला भेटल्यात. बरोबर पत्नी कमलाबाई. आणि १९७५ मध्ये सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला. आपल्याला घरातला जुना मिक्सर भंगारात देताना जीवावर येतं.

या माणसाची नजर मला आवडते ती अशी की तलवारी आणि दागिने कोणीही जमवेल, त्यांनी अडकित्ते जमवले. सुपारी कातरायची वस्तू, पात्याला धार असली की काम झालं, पण इथे एक अडकित्ता मोराचा, एक घोड्याचा, एक चक्क नवराबायकोचा, आणि मूठ दाबली की ते दोघं जवळ येणार. मी त्या काचेसमोर बराच वेळ उभी होते. बनवणाऱ्याला कोणी सांगितलं होतं हे करायला? तेच वज्रीचं. पाय घासायची वस्तू, न्हाणीघरात पडून राहणारी, तिच्या पाठीवर पितळेचे हत्ती काय, पक्षी काय. तिथे एक आजी नातवाला सांगत होत्या.

"ही आमच्याकडे होती. अशी नक्षीची नव्हती, साधी."
"मग कुठे गेली?"
"मोडीत दिली तुझ्या आजोबांनी. स्टीलची बादली आणली त्यात."
पोरगं म्हणालं, "आजोबांना अक्कल नव्हती." आजींनी चापट मारली पण हसल्या.

दिव्यांचं दालन एका वेगळ्या दिवसासाठी ठेवा. लामणदिवे, समया, हातात दिवा धरून उभ्या दीपलक्ष्मी, तेल कुठे ओतायचं आणि वात कुठून येणार ते शोधत बसायला मजा येते. गुजरातकडचे कोरीव दरवाजे बघितले की आपल्या फ्लॅटच्या सेफ्टी डोअरची लाज वाटते. स्वयंपाकघरातल्या वस्तूंपाशी आईला एकटीला सोडा, तिला लेबल वाचायची गरज पडत नाही, उलट शेजारी उभ्या असलेल्या कॉलेजच्या मुलींना तीच समजावून सांगायला लागते. आणि मस्तानी महाल, कोथरूडला होता त्याचे अवशेष आणून इथे उभा केलेला. म्हणजे मी कोथरूडहून मेट्रोने येऊन कोथरूडचीच वस्तू बघते असा सगळा प्रकार. त्यानंतर निंबाळकर तालमीपाशी जाऊन मस्तानी (आइस्क्रीम घातलेला मिल्कशेक) प्यायची, हा विनोद प्रत्येक पुणेकर करतो, मीपण केला, पण मँगो मस्तानी उन्हाळ्यात खरंच लागते.

खाण्याचं म्हणाल तर पोट भरून जेवायचं असेल तर लक्ष्मी रोडला पूना गेस्ट हाऊस, १९३५ पासून आहे, मूकपटांच्या काळातले दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदारांनी सुरू केलेलं. नाहीतर तुळशीबागेतली मिसळ. मात्र तुळशीबागेत शिरलात की दिवसाचं वेळापत्रक तुमच्या हातात राहत नाही, माझ्या बहिणीला त्या गल्लीत नेणं मी बंद केलंय. गर्दीतून आत राममंदिराच्या आवारात जाऊन पाच मिनिटं टेकता येतं हे मात्र बऱ्याच जणांच्या लक्षातच नसतं, बाहेर कानातल्यांचा भाव चाललेला आणि आत एकदम मोकळं आवार.

परतताना कधी बस, कधी मेट्रो. बाजीराव रोड एकेरी आहे, इथून मिळणाऱ्या बस स्वारगेटच्या दिशेच्या, महापालिकेकडे जायचं तर शिवाजी रोड गाठा, हे नव्या माणसाला कोणी सांगत नाही आणि तो उलट्या बाजूला उभा राहतो. खिडकीची जागा मिळाली तर बस मेट्रोपेक्षा छान, पेठा जवळून दिसतात, दुकानांच्या पाट्या वाचता येतात. पण कधी येईल याचा भरवसा धरू नका, आईबरोबर असेन तेव्हा मी सरळ मेट्रोच घेते. गणपतीच्या दहा दिवसांत मात्र हा कार्यक्रम करू नका, मंडई आणि कसबा स्टेशनवर संध्याकाळी पाय ठेवायला जागा नसते.

खर्चाचं गणित. मेट्रोचं तिकीट १० पासून सुरू, जास्तीत जास्त ३५, शनिवार-रविवारी ३० टक्के सूट, म्हणजे लांबात लांब जाऊन-येऊनसुद्धा ४९ रुपये. त्यामुळे १०० रुपयांचा दिवसाचा पास फक्त मंडईला जाऊन यायला काढू नका, पैसे वाया. बसचा पुणे-पिंपरी दोन्हींत चालणारा दिवसाचा पास जून २०२५ पासून ७० झालाय, आधीच्या दरांची सवय होती त्यांना टोचतो, पण दोन-तीन बस बदलणार असाल तर ठीक. म्युझियमचं तिकीट दर वेळी नव्याने काढायचं, माझ्यासारखं थोडं थोडं बघणाऱ्याला तो खर्च जमेस धरावा लागतो, मला तो सिनेमापेक्षा स्वस्तच पडला.

कोणासाठी नाही तेही सांगते. बाबागाडीतलं मूल असेल तर नको, जिने चढायचे आहेत. पाहुण्यांना एका दिवसात शनिवारवाडा, दगडूशेठ आणि लाल महाल दाखवायचा असेल तर पुणे दर्शनची बस घ्या आणि मोकळे व्हा.

आमचा पुढचा बेत आगाखान पॅलेसचा आहे, कल्याणीनगर स्टेशनला उतरून. १९४२ ते ४४ गांधीजी तिथे कैदेत होते, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई तिथेच गेले, दोघांच्या समाध्या आवारात आहेत. येताना संभाजी उद्यानला उतरून घोले रोडवरचं महात्मा फुले संग्रहालय, तेही मुळात लॉर्ड रेच्याच नावाचं होतं. कल्याणीनगर, मग संभाजी उद्यान, जमलं तर संध्याकाळी मंडईत उतरून भाजी आणि तिथून घरी, एवढं फिरणं एका दिवशी झालं तर १०० चा पास वसूल होईल असा माझा हिशोब आहे, आई म्हणते शनिवारची सूट असताना तरीही महागच पडेल. वहीत आकडे मांडून झालेत, अजून वाद मिटलेला नाही.