धानोरी सोडून किरकटवाडी: साडेआठ महिन्यांनंतर (आणि गेटवरची ती जाळी)

काल पहाटे पावणेपाचला गेटमधल्या गटारावरची ती लोखंडी जाळी परत वाजली. तीन आठवडे शांत होती. धाकटा ताडकन उठून बसला आणि साडेपाचपर्यंत झोपलाच नाही. त्याला मांडीवर घेऊन बसले होते तेव्हाच ठरवलं की आता हे लिहूनच टाकायचं, कारण गेल्या महिनाभरात तिघीजणींनी मला विचारलंय की "लहान मुलं घेऊन सिंहगड रोडला राहायला जावं का", आणि प्रत्येकीला मी वेगळंच उत्तर दिलंय.

भाडी, बिल्डरची नावं, किती स्क्वेअर फूट वगैरे तुम्हाला माहिती असतंच, त्यात जात नाही. आम्ही जून २०२५ मध्ये धानोरीहून किरकटवाडीला आलो, म्हणजे पुण्याच्या एका टोकाहून थेट दुसऱ्या टोकाला. मोठी पाच वर्षांची, धाकटा तेव्हा सोळा महिन्यांचा. माझं ऑफिस खराडीला, आठवड्यातून तीन दिवस. नवऱ्याचं शिवाजीनगरला, रोज. म्हणजे ऑफिसच्या हिशोबाने बघितलं तर हा निर्णय चुकीचाच होता, आणि माझ्या भावाने तो तेव्हाच तसा बोलून दाखवला होता.

कारण एकच, आवाज. लोहगावचा विमानतळ मुळात हवाई दलाचा तळ आहे, सुखोई लढाऊ विमानं तिथेच असतात, आणि धानोरी त्या धावपट्टीला अगदी लागून. सुखोई उडालं की खिडकीच्या काचा थरथरतात. मोठीच्या वेळेला आम्ही दोघंही ऑफिसला असायचो, ती पाळणाघरात, त्यामुळे जाणवलं नाही. पण धाकट्याच्या वेळी मी घरात होते आणि दुपारची झोप म्हणजे काय हे त्या मुलाला माहितीच नव्हतं. वीस मिनिटं झोपला की विमान. ज्या दिवसांत रात्रीचा सराव असायचा तेव्हा रात्रीही तेच. विमानतळाबद्दल माझी तक्रार नाही, तो आमच्या आधीपासून आहे, आम्हीच त्याच्या खाली राहायला गेलो होतो. पण सव्वा वर्ष अर्धवट झोपेवर काढल्यावर माणूस भाडं आणि अंतर बघत नाही, तो शांत जागा बघतो.

इथलं घर बघायला आलो तो एप्रिलमधला रविवार, दुपारचे तीन. पहिला मजला, खिडकीतून सिंहगड दिसतो, वरचा टॉवरसुद्धा. पाच मिनिटं आम्ही कोणीच काही बोललो नाही आणि कुठूनतरी भारद्वाज ओरडत होता तेवढंच ऐकू येत होतं. तिथेच टोकन दिलं. आता सांगते, घर बघायला रविवारी दुपारी जाऊ नका. पहाटे पाचला जा. विचित्र वाटेल पण जा.

कारण आमची खोली बरोबर गेटच्या वर आहे आणि गेटमध्ये आडवी गटाराची चर आहे, तिच्यावर लोखंडी जाळी. जाळीची चौकट एका कोपऱ्यात वाकलेली, त्यामुळे ती बसत नाही, डुलते. दुचाकी गेली तर किण्ण, कार गेली तर धड. आणि पहाटे येणारा दहा हजार लिटरचा पाण्याचा टँकर, म्हणजे नुसतं पाणीच दहा टन, तो आत येताना पुढची चाकं एकदा आणि मागची एकदा, असं दोनदा धाडकन होतं की पलंगावर झोपलेलं माणूस हलतं. त्यात रिव्हर्सचा हॉर्न. पहिल्या पहाटे मला अर्धवट झोपेत खरंच वाटलं की आपण धानोरीतच आहोत.

पहिले तीन महिने मी या जागेला दहापैकी तीन दिले असते.

त्या तीन महिन्यांत प्रवासही अंगावर येत होता. १ जूनपासून पीएमपी बसची भाडी वाढली, महिन्याचा पास ९०० चा १,५०० झाला, आणि आम्ही राहायला आलो तोच आठवडा. माझा रूट असा, किरकटवाडी फाट्यावरून बस पकडून स्वारगेट, तिथून मेट्रो, सिव्हिल कोर्टला खालून वर चढून लाईन बदलायची, रामवाडी, मग शेअर रिक्षाने खराडी. जाऊन येऊन दीडशे रुपये आणि एका बाजूला पावणेदोन तास. मेट्रोचा भाग चांगला आहे, त्याबद्दल काही म्हणणं नाही, स्वारगेटपर्यंतची लाईन सप्टेंबर २०२४ मध्ये झाली नसती तर हा विचारच केला नसता. जीव जायचा तो फाटा ते स्वारगेट या पट्ट्यात. सिंहगड रोडवरचा विठ्ठलवाडी ते फनटाईम थिएटरचा पूल १ मे २०२५ ला चालू झाला होता पण तो शहरातून बाहेर येणाऱ्यांसाठी, त्यामुळे संध्याकाळी बरं, सकाळी तेच. सप्टेंबरमध्ये गोयलगंगा ते इनामदार चौक हा जातानाचा पूल सुरू झाला आणि माझे सकाळचे वीस-पंचवीस मिनिटं सरळ वाचले. इथे माझं मत पहिल्यांदा बदललं. आता दीड तासाच्या आत पोचते. लांबच आहे, पण रोज रडू येत नाही.

रविवार मात्र अजून सुटलेला नाही. पावसाळ्यात अख्खं पुणं खडकवासल्याला कणीस आणि भजी खायला येतं, वर सिंहगडाची गर्दी वेगळी. ऑगस्टमध्ये एका रविवारी संध्याकाळी धाकट्याला ताप चढला, १०३ च्या वर, आणि सहा किलोमीटरवरच्या दवाखान्यात पोचायला आम्हाला पन्नास मिनिटं लागली. मी मागे बसून ओल्या फडक्याने त्याचं अंग पुसत होते आणि समोर गाड्याच गाड्या. ज्यांच्या मुलांना फिट्स वगैरेचा त्रास आहे किंवा घरात हार्टचं माणूस आहे त्यांनी या एका गोष्टीचा खूप गंभीरपणे विचार करा. आम्ही आता जून ते सप्टेंबर थर्मामीटर आणि औषधं भरून ठेवतो आणि अंगात जरा कणकण वाटली तरी शनिवारीच डॉक्टरांना दाखवून येतो.

आता पाणी, कारण टँकर आला म्हणजे पाणी आलंच. जानेवारी २०२५ मध्ये जीबीएसची (गिया-बारे सिंड्रोम, नसांवर हल्ला करणारा आजार) साथ आली ती याच पट्ट्यात, नांदेड गाव, किरकटवाडी, धायरी. रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनाय आणि नोरोव्हायरस हे जंतू सापडले, आणि संशय पाण्यावर होता. आम्ही त्यानंतर पाच महिन्यांत इथे येतोय म्हणल्यावर माझी आई फोनवर अक्षरशः रडली. किरकटवाडी आणि नांदेड २०२१ मध्ये महापालिकेत आली, धरण हाकेच्या अंतरावर, खडकवासला साखळीतली चारही धरणं मिळून २९ टीएमसी पाणी, आणि आमच्या सोसायटीत महापालिकेचं पाणी येतं दिवसाआड पाऊण तास. बाकी बोअर आणि टँकर. बोअरचा टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, मीटरवर ६२० दाखवतो, पिण्याच्या पाण्याला ५०० च्या आत असावा म्हणतात, बादल्यांना पांढरे थर बसतात आणि केसांची वाट लागते.

पिण्याचं पाणी आम्ही उकळतोच, आरओ असला तरी उकळतो, त्यात तडजोड नाही. पण मुलं आंघोळीचं पाणी पितात, दात घासताना पितात. म्हणून मी ओटी टेस्टची बाटली आणली, तीच ती, ग्रामपंचायतीचे कर्मचारी वापरतात ती, पाण्यात थेंब टाकायचे आणि पिवळं झालं की क्लोरीन आहे. अडीचशे रुपयांत वर्षभर पुरते. प्रत्येक टँकरचं पाणी बघायला लागले. दोनदा रंगच आला नाही. दोन्ही वेळा फोटो काढून सोसायटीच्या ग्रुपवर टाकला, आणि तिसऱ्या वेळेपासून टाकीत क्लोरीन पडायला लागलं. टँकरवर राहणाऱ्या प्रत्येक सोसायटीत एकाने तरी हे करायला पाहिजे असं मी मनापासून सांगते. टँकर कुठे भरतो, क्लोरीन कोण टाकतं, खालची टाकी कधी धुतली, हे तीन प्रश्न घर घ्यायच्या आधी विचारा. उत्तर देताना समोरचा चिडला तर तेही उत्तरच आहे.

जाळीवर परत येते.

जुलैमध्ये पहिल्यांदा कमिटीला सांगितलं. "बघतो." ऑगस्टमध्ये लेखी दिलं. सप्टेंबरच्या मीटिंगमध्ये मी नियम छापून नेला, रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, आणि माझ्या फोनवर खिडकीशी टँकर येताना ७८ दाखवत होतं. फोनचं ॲप काही प्रमाण नाही हे मला कळतं, पण ७८ चे ४५ होत नाहीत. तर उत्तर काय, "मग टँकर बंद करू का मॅडम?" आणि सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू मी त्यांचं पाणी तोडायला निघालेय. फॅब्रिकेशनवाल्याने नवीन जाळी आणि चौकटीचे साडेचार हजार सांगितले होते. ९६ फ्लॅट आहेत. घराला ४७ रुपये येतात. ४७ रुपयांसाठी चार महिने! मी स्वतः सगळे भरते म्हणाले तर "भाडेकरूंकडून कॅपिटल खर्च घेत नाही" असा नियम निघाला. त्या रात्री मी नवऱ्याला म्हणाले की ॲग्रीमेंट संपलं की जायचं इथून.

टँकर सहानंतर का येत नाही हे कमिटीतल्या कोणीच टँकरवाल्याला विचारलं नव्हतं. डिसेंबरमध्ये एका पहाटे मीच शाल गुंडाळून खाली गेले, भांडायच्याच तयारीने. ड्रायव्हर काका साठीच्या आसपासचे, कानटोपी घातलेले. ते म्हणाले, "ताई, तीन वाजल्यापासून भरायला लाईनीत असतो. सातनंतर शाळेच्या गाड्या सुटल्या की या बोळात टँकर वळत नाही. मला काय हौस आहे का पहाटे उठायची?" मग त्यांनी माझ्या कडेवरचं पोरगं बघितलं आणि विचारलं, हा रोज उठतो का. मी हो म्हणाले. ते जाळीपाशी वाकले, पायाने दाबून बघितली, एक कोपरा हातभर उचलून परत ठेवला, आणि काही न बोलता गेले.

त्यानंतर त्यांनी दोन गोष्टी केल्या. एक म्हणजे आत येताना गाडी जाळीच्या आधी जवळजवळ थांबवून, एकेक चाक हळू उतरवायला लागले. धाडचं धप झालं. आणि जानेवारीच्या शेवटी एका दुपारी, टँकर नसताना, मोटारसायकलवर आले, पिशवीत जुन्या टायरचे कापलेले चार पट्टे, पाना, बोल्ट. वॉचमनला हाताशी घेऊन जाळी उचलली, चौकटीत चारही बाजूंनी रबर बसवलं, वाकलेल्या कोपऱ्यात दुहेरी, वरून दोन बोल्ट आवळले. पाऊण तास. मी पैसे विचारले तर घेईनात, शेवटी चहा आणि बळेच दोनशे रुपये. सात महिने जे झालं नाही ते टायरच्या तुकड्यांनी झालं. दुसऱ्या पहाटे मी साडेचारपासून जागी होते, टँकर आला कधी आणि गेला कधी कळलं नाही, खाली दिवे दिसले तेवढेच. मुलगा सव्वासातला उठला. सव्वासात! त्याच्या जन्मापासून पहिल्यांदा. मी आनंदाने आईला फोन केला.

म्हणून आता माझं मत परत वेगळं आहे, आणि हेच मी त्या तिघींना सांगायला हवं होतं. शांतता खरी आहे. दुपारी हा दोन दोन तास झोपतो. जूनमध्ये रात्री बेडकांचा केवढा कालवा असतो, त्याने मात्र तो उठत नाही, हे काय गणित आहे मला माहिती नाही. मोठी आता भारद्वाज आवाजावरून ओळखते आणि संध्याकाळी खाली एकटी खेळायला जाते, धानोरीत मी तिला जिन्यातसुद्धा एकटी सोडत नव्हते. सासूबाई आधी महिन्यातले आठ दिवस राहायच्या, आता गावाला जायचं नाव काढत नाहीत.

पैशाचं विचाराल तर भाडं २३,००० वरून १६,५०० वर आलं, साडेसहा हजार वाचले असं वाटतं, पण तसं नाही. टँकरचा हिस्सा सरासरी १,३०० जातो, उन्हाळ्यात अजून वाढेल असं शेजारच्या काकू म्हणतात. माझं प्रवासाचं ७०० ने वाढलं, नवऱ्याचं पेट्रोल तेवढंच वाढलं, मोठीची शाळा तिथे चालत होती इथे व्हॅनचे १,८००. हातात उरतात दोन हजार. दोन हजारांसाठी कोणी येऊ नका इकडे. मुलांच्या झोपेसाठी यायचं तर या, आणि गेटवर पाय आपटून बघा.

काल परत वाजली ती एक बोल्ट सैल झाल्यामुळे. उजाडल्यावर नवऱ्याने आणि मी जाऊन बघितलं, रबर जागेवर आहे, बोल्ट हाताने फिरत होता. त्याच्या मापाचे दोन नवीन बोल्ट आणि स्प्रिंग वॉशर आणलेत, पस्तीस रुपये, कमिटीला न विचारता. संध्याकाळी बसवले. घरमालकांना एप्रिलच्या पुढच्या अकरा महिन्यांसाठी हो कळवायचंय, ते पाच टक्के वाढ मागतायत, मी तीन म्हणालेय. पुढचा टँकर उद्या पहाटे आहे.