फाइनवर्कबाऊ 300एस, शिसवी स्टॉकवाली: आठ महिने वापरून

मे महिन्यात ही जुनी एअर रायफल घेतली, पावसाळा काढला, थंडीही निम्मी गेली, म्हणजे आता लिहायला हरकत नाही. आमच्या कोल्हापुरात स्वप्नील कुसाळेनं पॅरिसला ब्राँझ घेतल्यापासून रेंजवर पोरांची ही गर्दी, आणि सगळ्यांकडे नव्या, दाबलेल्या हवेच्या सिलिंडरवाल्या रायफली, त्यात मी हे जुनं धूड घेऊन उभा.

रायफल जर्मनीतल्या ओबर्नडोर्फची. वेस्टिंगर आणि आल्टेनबर्गर या माउझर बंदूक कंपनीच्या दोन जुन्या इंजिनीअरांची ही कंपनी. 1984 ला लॉस एंजेलिसला एअर रायफल पहिल्यांदा ऑलिंपिकमध्ये आली, त्याआधीच्या काळात हेच मॉडेल भल्याभल्यांच्या हातात असायचं. माझी एका रिटायर्ड नेमबाज काकांची. मूळ स्टॉक, म्हणजे लाकडी दस्ता, मुठीजवळ तडकला म्हणून त्यांनी कोकणातल्या एका ओळखीच्या सुताराकडून जुन्या शिसवी पलंगाच्या खुराचा नवा करून घेतलेला. मशीन नाही काही नाही, पटाशी, कानस आणि शेवटी काचेच्या तुकड्यानं खरवडून. ग्रिपवरची जाळी हातानं कोरलीय, एका कोपऱ्यात दोन रेघा चुकल्यात आणि मला तोच कोपरा सगळ्यात जास्त आवडतो. पॉलिश नुसतं जवसाचं तेल, दर दोन महिन्यांनी मीपण बोटानं चोळतो, लाकूड आता जांभळट काळं दिसायला लागलंय.

आता चालवण्याबद्दल. स्प्रिंगच्या रायफलीत छरा नळीतून बाहेर पडायच्या आत जड पिस्टन धाडकन पुढे जातो आणि बंदूक हलते, तोच खरा त्रास. इथे काय केलंय तर अख्खी ॲक्शन, म्हणजे पिस्टन-स्प्रिंगची यंत्रणा, नळीसकट स्टॉकमधल्या रुळावर ठेवलीय, ट्रिगर दाबला की ती मोकळी होऊन जराशी मागे सरकते, खांद्याला काही कळतच नाही. पहिल्या दिवशी पीप साईट, म्हणजे नेम धरायची भोकाची चकती, डोळ्याकडे चालून आली तशी मी दचकून मान मागे घेतली, शेजारचं पोरगं फिस्सकन हसलं. सवय व्हायला पंधरा दिवस गेले. पण छरा सुटला म्हणून लगेच ढिले पडलात की गेलं, ही रायफल ते माफ करत नाही. दहाचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा, छरा साडेचारचा, तिथे माझी प्रत्येक घाई कागदावर उमटते.

सिलिंडर भरायची कटकट नाही, बाजूचा लिव्हर ओढा, छरा घाला, बस. फक्त छरा भरताना एक हात लिव्हरवरच ठेवा, बोट तिथे फार जवळ असतं.

वैताग पण सांगतो. जुलैत आवाज बदलला, फटकन वाजायच्या ऐवजी खडखड, आणि छरे खाली लागायला लागले. उघडली तर पिस्टनच्या तोंडाचं धक्का झेलणारं बफर वयानं कुजून भुगा झालेलं. ज्यानं विकलं त्याची चूक नाही, ते प्लास्टिक म्हातारं होतंच, पण पार्ट यायला सात आठवडे लागले. दुसरं म्हणजे पावसात स्टॉकचे स्क्रू ढिले पडतात आणि ग्रुप, म्हणजे छऱ्यांचा झुबका, सरकतो, आता दर रविवारी आधी स्क्रू बघतो मग नेम. नळी आणि लिव्हर तेलाच्या फडक्यानं पुसल्याशिवाय पेटीत ठेवत नाही, एकदा विसरलो तर लिव्हरवर गंजाचा ठसा उमटला, बोटाच्या आकाराचा.

आणि वजन. शिसव काय हलकं असतंय होय? माझी साईटसकट 5 किलो 640 भरते, मॅचची मर्यादा साडेपाच, म्हणजे स्पर्धेतून बाद. कोच म्हणतात बटच्या, म्हणजे स्टॉकच्या मागच्या टोकाच्या, आतून भोकं पाड, दीडशे ग्रॅम सहज निघेल. दोनदा ड्रिल हातात घेतलं, दोनदा ठेवून दिलं. मॅचला क्लबची रायफल उचलतो.

चीकपीस, म्हणजे गाल टेकवायचा भाग, काकांच्या गालाच्या मापाचा, त्यांचा चेहरा भरलेला, माझा खप्पड, त्यामुळे डोळा नीट ओळीत यायचाच नाही. लाकडाला हात लावायचा नव्हता म्हणून कॉर्कचा पातळ थर आणि वर चामडं, तेही सायकलच्या रबरानं बांधलेलं. दिवाळीत काका रेंजवर आले, रबर बघून काहीच बोलले नाहीत, ते काढून पाच छरे मारले, पाचही काळ्याच्या आत मधोमध, आणि रबर परत जागेवर बसवून माझ्या हातात दिली.

कुणाला घ्यायची असेल तर बफर आणि ब्रीचचं, म्हणजे छरा भरायच्या जागेचं, सील आधी मागवून ठेवा, मी आता दोन दोन सेट आणलेत.