वाय-फाय रेडिओ नऊ महिने वापरल्यावर: बटणं सेटवर, पत्ते दुसऱ्याकडे

सातव्या महिन्यात एका सकाळी माझ्या वाय-फाय रेडिओच्या, म्हणजे नेटवरून स्टेशनं वाजवणाऱ्या सेटच्या, सहाही बटणांवर एकच उत्तर आलं: 'स्टेशन उपलब्ध नाही'. वाय-फायच्या रेघा पूर्ण, घड्याळ बरोबर, त्याच सेटवर एफएम खणखणीत, ब्लूटूथही चालू. ज्या कामासाठी साध्या एफएम सेटच्या चौपट पैसे मोजले तेवढंच नेमकं बंद. अकरा दिवसांनी स्टेशनं परत आली, पण सहापैकी चार बटणं मेलेलीच राहिली. पडदा, रिमोट, स्पीकर यांबद्दल सगळीकडे लिहून आलेलं आहे आणि ते सगळं ठीक आहे. बटणांबद्दल कुणी लिहीत नाही, म्हणून हे लिहिणं.

साध्या रेडिओच्या बटणात वारंवारता साठवलेली असते. ५५८ किलोहर्ट्झ म्हणजे मुंबईची अस्मिता, ७९२ म्हणजे पुणे, १२८७ म्हणजे पणजी. प्रक्षेपक चालू असेल आणि सेट त्याच्या टप्प्यात असेल तर स्टेशन लागतं, मध्ये कुणाला विचारावं लागत नाही. इंटरनेट रेडिओच्या बटणात स्टेशनचा पत्ता असेल असं कुणालाही वाटेल. तसं नसतं. त्यात असतो एका यादीतला क्रमांक. बटण दाबलं की सेट आधी यादी सांभाळणाऱ्या कंपनीच्या सर्व्हरला विचारतो, 'हा क्रमांक कुणाचा?' सर्व्हर पत्ता देतो. त्या पत्त्यावर बहुतेकदा एक छोटी प्लेलिस्ट फाइल असते, तिच्यात खऱ्या प्रवाहाचा (नेटवरून सतत येणाऱ्या आवाजाचा) पत्ता असतो आणि तिथून आवाज सुरू होतो. म्हणजे स्टेशन चालू, तुमचं नेट चालू, सेट धडधाकट, आणि तरी मधला एक सर्व्हर बसला की जगातली सगळी स्टेशनं एकदम गायब. यादीवाल्यांनी क्रमांक बदलले तर ती परत येतात, पण बटणं जुनाच क्रमांक विचारत राहतात. अकरा दिवसांनंतर झालं ते हेच.

हे एकाच सेटचं दुखणं नाही. फ्रंटियर सिलिकॉनच्या चिपवर चालणारे कितीतरी ब्रँडचे सेट मे २०१९ मध्ये असेच अडले, कारण त्यांची यादी एका पुरवठादाराकडून दुसऱ्याकडे गेली. रेसिव्हा या दुसऱ्या पुरवठादाराची यादी ३० एप्रिल २०२१ ला कायमची बंद झाली आणि तिच्यावर अवलंबून असलेल्या चांगल्या चालत्या सेटांना स्टेशनं सापडेनाशी झाली. स्पीकर फाटला तर बदलता येतो. यादीच नाहीशी झाली तर दुकानात मिळेल असा सुटा भाग नाही.

सेवा केंद्राचं पहिलं उत्तर: 'फॅक्टरी रीसेट करा.' हे अजिबात करू नका. रीसेटने बटणं पुसली जातात, आणि यादी बंद असताना ती पुन्हा भरता येत नाहीत. दुसरं उत्तर: 'बोर्ड बदलावा लागेल.' तिसरं, बराच वाद घातल्यावर: 'स्टेशनयादी ही तिसऱ्या कंपनीची सेवा आहे, ती वॉरंटीत बसत नाही.' तेव्हा हा शुद्ध पळपुटेपणा वाटला होता. आता म्हणेन की तिसरं उत्तर तांत्रिकदृष्ट्या बरोबर होतं. चूक ही की खोक्यावर 'हजारो स्टेशनं' छापताना ती दुसऱ्याच्या भरवशावर आहेत, हे कुठेच छापलेलं नाही.

दोष सेटचा की यादीचा, हे घरीच दहा मिनिटांत कळतं. सेटच्या वेळेच्या मेनूत 'एफएमवरून वेळ' बंद करून 'नेटवर्कवरून' निवडा, मग सेटचा प्लग काढून परत लावा. वेळ बरोबर आली तर सेट बाहेरच्या जगापर्यंत पोचतो आहे. मग फोनवरच्या यूपीएनपी ॲपमधून (घरच्या वाय-फायवरून दुसऱ्या यंत्रावर आवाज वाजवायला लावणारं ॲप) एखाद्या स्टेशनचा थेट पत्ता सेटकडे पाठवा. आवाज आला तर वाय-फाय, डिकोडर, ॲम्प्लिफायर सगळं निर्दोष आहे आणि बोर्ड बदलायचं काहीही कारण नाही.

आता मत बदललं ते कशामुळे. सातव्या महिन्यात निष्कर्ष सरळ होता: घेऊ नका. पण ही यादी घरच्या घरी उभारता येते. वायकास्ट नावाचा मुक्त प्रोग्रॅम एका जुन्या पद्धतीच्या यादी-सर्व्हरची नक्कल करतो. जुना रास्पबेरी पाय ३ हा तळहाताएवढा संगणक त्याला पुरतो. राउटरमध्ये पायचा आयपी पत्ता पक्का करून ठेवा, म्हणजे तो दर वेळी बदलणार नाही. पायवर छोटा डीएनएस सर्व्हर (नावावरून नेटवरचा पत्ता सांगणारा) चालवा, जो फक्त यादीवाल्यांच्या सर्व्हरच्या नावाला पायचा स्वतःचा पत्ता देईल आणि बाकी सगळी नावं नेहमीसारखी बाहेर विचारेल. रेडिओच्या नेटवर्क मेनूत डीएनएसच्या जागी तोच पायचा पत्ता भरा. वायकास्टला पायवरचं पोर्ट ८०, म्हणजे वेब सर्व्हरचं नेहमीचं दार, मोकळं लागतं. तिथे आधीच दुसरा वेब सर्व्हर बसलेला असेल तर तो हलवा. स्टेशनांची नावं आणि पत्ते एका साध्या मजकूर फाइलमध्ये लिहायचे. तिथे ओळीच्या सुरुवातीला जागा सोडताना टॅब मारला की अख्खी फाइल वाचली जात नाही, स्पेसच द्या. सेट यादीशी एचटीटीपीएसने, म्हणजे समोरच्याची ओळख तपासणाऱ्या सुरक्षित जोडणीने, बोलत असेल तर मात्र ही युक्ती चालत नाही.

यानंतर दुसरी भिंत येते, आणि ती जास्त जाड आहे. पूर्वीचे आइसकास्ट-शाउटकास्ट या प्रक्षेपण-सर्व्हरांचे प्रवाह म्हणजे न संपणारी एमपी३ फाइलच. कुठलाही जुना सेट ती वाजवतो. आकाशवाणीची केंद्रं नेटवर एचएलएस नावाच्या पद्धतीने येतात. त्यात आवाजाचे काही सेकंदांचे तुकडे असतात आणि सेटला दर थोड्या वेळाने ताजी यादी मागवून पुढचा तुकडा उचलावा लागतो. ज्या सेटच्या फर्मवेअरला (आतल्या कायमच्या प्रोग्रॅमला) हे शिकवलेलं नाही तो दोन सेकंद 'लोड होत आहे' दाखवून गप्प बसतो. बीबीसीनेही २०२३ मध्ये जुने प्रवाह बंद केले, तेव्हा जगभरचे जुने सेट याच कारणाने मुके झाले. उपाय पुन्हा पायवरच: एफएफएमपेग या आवाज-रूपांतर करणाऱ्या मुक्त प्रोग्रॅमने तुकड्यांचा प्रवाह उचलायचा, त्याचा १२८ केबीपीएस (सेकंदाला १२८ किलोबिट) एमपी३ करायचा आणि घरातल्याच आइसकास्टला पोर्ट ८००० वर द्यायचा. रेडिओला तो साधा जुना प्रवाह दिसतो. मूळ प्रवाह तुटला की एफएफएमपेग बंद पडतो, म्हणून तो आपोआप पुन्हा सुरू होईल अशी सिस्टिम सेवा करून ठेवा. पाय साधारण अडीच वॅट खातो, चोवीस तास चालला तर महिन्याला १.८ युनिट. नवा सेट घेण्यापेक्षा हे नक्की स्वस्त.

आवाज अडखळण्याबद्दल: दुसऱ्या महिन्यात त्याचं खापर स्टेशनांच्या सर्व्हरवर फोडलं होतं, ते मागे घेतो. दोष २.४ गिगाहर्ट्झच्या गर्दीचा होता. इमारतीत वीस राउटर असतात आणि या सेटांना बहुधा ५ गिगाहर्ट्झ येत नाही. राउटरवर चॅनल 'ऑटो' सोडून १, ६ किंवा ११ पैकी मोकळं असेल ते, आणि रुंदी ४० ऐवजी २० मेगाहर्ट्झ ठेवल्यावर अडखळणं जवळपास संपलं. आइसकास्ट जोडणी होताच सुरुवातीला साधारण ६४ किलोबाइट एकदम देतो. १२८ केबीपीएसला, म्हणजे सेकंदाला १६ किलोबाइटला, ती फक्त चार सेकंदांची शिदोरी आहे. वाय-फाय पाच सेकंद अडलं की ती संपते, कारण पुढचा आवाज अजून स्टेशनवरच तयार व्हायचा असतो.

असे साठे आणि एचएलएसचे तुकडे यांमुळे उशीरही होतो. बातम्यांआधीचे वेळेचे ठोके मीडियम वेव्हवर जवळपास बरोबर वेळेला पडतात. नेटवर तेच ठोके अर्धा मिनिट आणि कधी त्याहून उशिरा येतात. त्यावर घड्याळ लावू नका.

आवाजाच्या दर्जाचा न्याय एका वाक्यात होत नाही. मीडियम वेव्हवर आपल्याकडे स्टेशनांत ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं, त्यामुळे सेटमधून साडेचार किलोहर्ट्झच्या वरचं फारसं काही येत नाही. सतारीची झणक, टाळांची किणकिण तिथे कापली जाते. एफएम १५ किलोहर्ट्झपर्यंत जातं. ६४ केबीपीएसचा चांगला एएसी प्रवाह (एमपी३ नंतरची आवाज दाबून पाठवायची पद्धत) मीडियम वेव्हच्या कितीतरी पुढे आहे. पण गावातल्या जवळच्या एफएमपेक्षा तो बरा असेलच असं नाही, टाळ्यांच्या कडकडाटात आणि झांजांत तो पाण्यासारखा सळसळतो. घरातले एलईडी दिवे आणि चार्जर यांनी मात्र मीडियम वेव्हची जी खरखर केली आहे, तिच्यापुढे नेटचा शांतपणा फार मोलाचा वाटतो. पुण्यात बसून दिवसाढवळ्या पणजीची कोंकणी स्वच्छ ऐकायला मिळते, ती फक्त नेटवर.

खर्च बघा. १२८ केबीपीएस म्हणजे तासाला सुमारे ५८ एमबी. रोज सहा तास ऐकलं तर महिन्याला १० जीबीच्या थोडं वर. ब्रॉडबँडला हे काहीच नाही, मोबाइल हॉटस्पॉटवर चालवणाऱ्याने ६४ केबीपीएसचा पर्याय शोधावा, निम्म्यात भागतं. स्टेशनच्या बाजूने हिशेब उलटा आहे. प्रक्षेपकाला दहा श्रोते आणि दहा लाख श्रोते सारखेच; वीज तेवढीच जळते. नेटवर प्रत्येक श्रोत्याला वेगळी प्रत पाठवावी लागते, हजार श्रोत्यांना १२८ मेगाबिट दर सेकंदाला. छोटी हौशी स्टेशनं वर्षभरात बंद का पडतात आणि तुमचं बटण मुकं का होतं, याचं एक कारण या बिलात आहे.

वीज गेल्यावरचा त्रास वेगळा. वीज आली की सेट वीस सेकंदांत उठतो, राउटर आणि फायबरचा डबा दोन-तीन मिनिटं घेतात. सेट तोवर थकून 'नेटवर्क नाही' म्हणून थांबतो. शिवाय आत घड्याळाची बॅटरी नसते, त्यामुळे नेटवरून वेळ मिळेपर्यंत त्याची तारीख चुकीची असते आणि त्या तारखेला सुरक्षित पत्त्याचं प्रमाणपत्र अवैध ठरतं. अशा वेळी एचटीटीपीएसची स्टेशनं लागत नाहीत, साधी लागतात. लोक याला 'सेट अर्धा बिघडला' म्हणतात. पाच मिनिटांनी बंद-चालू केला की बरा होतो. राउटरला १२ व्होल्टचा छोटा यूपीएस लावला की निम्मा प्रश्न मिटतो. व्होल्टेज आणि पिनचं माप अडॅप्टरवर वाचूनच घ्या.

मोठ्या आपत्तीत यातलं काही उपयोगी नाही. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळानंतर रायगड आणि रत्नागिरीच्या कितीतरी गावांत वीज आणि मोबाइल टॉवर अनेक दिवस बंद होते. दोन पेन्सिल सेलवरचा ट्रान्झिस्टर तिथे चालतो. तो घरात असू द्या, आणि सेल आत ठेवून विसरू नका, गळून स्प्रिंगा खातात.

घ्यायचाच असेल तर दुकानात तीन गोष्टी बघा. स्टेशनचा पत्ता हाताने भरता येतो का, सेटवरून किंवा सेटच्या स्वतःच्या वेबपानावरून. कंपनीच्या संकेतस्थळावर खातं उघडून भरायचा असेल तर तो 'हाताने' नव्हे. आकाशवाणीचं एखादं केंद्र तिथेच लावून दाखवायला सांगा, म्हणजे एचएलएस येतं का ते कळेल. आणि एफएम असलेलाच घ्या. पडद्यावर देवनागरी गाण्यांच्या नावाऐवजी चौकोन दिसले तर त्यावरून सेट नाकारू नका, आवाजाशी त्याचा संबंध नाही.

सध्या या सेटची १ ते ४ बटणं घरच्या पायवर आहेत, तीन आठवडे एकदाही मुकी झालेली नाहीत. सहाव्यावर पायवरूनच पणजी. पाचव्या बटणावर मूळ यादीतलंच स्टेशन मुद्दाम ठेवलं आहे. रेडिओच्या मेनूतला डीएनएस थोड्या वेळापुरता पूर्वीसारखा केला की ते मूळ यादीवाल्यांनाच विचारतं. तेव्हा ते लागलं नाही तर यादी पुन्हा बसली आहे, हे सेवा केंद्राला फोन न करता कळतं.